पुलाखालून न गेलेला पूल

थोरल्याच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी सहा आठवडे गाडीला हात लावायचा नाही असं बजावलं, तेव्हा घरात सगळ्यात जास्त चेहरा पडला तो धाकट्याचा. दोघे सख्खे भाऊ आणि बावीस वर्षं एकाच कामात: रस्त्याला पुरत नाही एवढा लांब, रुंद, उंच माल एका गावाहून दुसऱ्या गावी सुखरूप नेऊन पोचवायचा. धाकटा ट्रेलर चालवायचा. थोरला त्याच्या तीनशे मीटर पुढे जीप घेऊन असायचा. जीपच्या नाकावर एक लवचिक काठी उभी केलेली, मालाच्या उंचीपेक्षा दहा सेंटिमीटर जास्त. काठी जिथून न टेकता जाईल तिथून माल जाईल, आणि काठी टेकली तर मागच्याने थांबायचं, इतका साधा हिशोब. "मी नुसतं स्टिअरिंग धरतो, गाडी दादाच चालवतो," असं धाकटा यार्डात सांगत फिरे. यात विनय थोडा होता आणि खरेपणा जास्त.

आणि नेमकं त्याच वेळी पुलाचं काम आलं. पायी चालणाऱ्यांसाठीचा लोखंडी पूल, एकतीस मीटर लांब, कठड्यासकट अखंड. हायवेच्या एका बाजूला हॉस्पिटल होतं आणि समोर बसथांबा. मधल्या सहा पदरी रस्त्यावरून लोक जीव मुठीत धरून पळत. पूल बसवायला क्रेन ठरली होती आणि दुपारी दोन ते चार हायवे बंद ठेवायची परवानगीही मिळाली होती. तारीख काही केल्या हलणार नव्हती.

"मग पुढे कोण?" धाकट्याने जेवताना विचारलं.

"मी," वहिनी म्हणाल्या.

वहिनी म्हणजे थोरल्याची बायको. धाकट्यामुळे सगळं यार्डच त्यांना वहिनी म्हणायचं. अकरा वर्षं त्या ऑफिसात बसून या मालाचे परवाने काढत होत्या. कुठल्या रस्त्यावर कुठला पूल, कुठलं वळण आडवं येतं, कुठल्या टोलनाक्याची कोणती लेन रुंद आहे, हे त्यांना स्वतःच्या स्वयंपाकघरातल्या डब्यांसारखं पाठ होतं. पुढच्या गाडीची परीक्षाही त्यांनी दोन वर्षांपूर्वी दिली होती आणि लहान माल घेऊन पाचसहा फेऱ्या केल्या होत्या. पण एकतीस मीटरचा पूल म्हणजे लहान माल नव्हे.

धाकटा घास तोंडात तसाच धरून भावाकडे बघत राहिला. थोरला काळा चष्मा लावून बसला होता, त्यामुळे त्याच्या डोळ्यांत काय आहे ते कळायला मार्ग नव्हता.

"तिला माझी वही दे," एवढंच तो म्हणाला.

त्या वहीत थोरल्याने बावीस वर्षांत आपल्या हाताने मोजलेल्या प्रत्येक पुलाची उंची लिहिलेली होती. सरकारी पाटीवरचा आकडा एकवेळ चुकेल, पण थोरल्याची वही चुकायची नाही, अशी तिची ख्याती. दुसऱ्या यार्डातले लोकसुद्धा फोन करून विचारत.

ठरलेल्या दिवशी सकाळी धाकटा यार्डात आला तर वहिनी त्याच्या आधीच हजर. शिडी लावून त्या ट्रेलरवर चढल्या होत्या आणि कठड्यापासून जमिनीपर्यंत माप घेत होत्या. मग मागच्या टोकाला. मग पुन्हा मध्ये.

"वहिनी, किती मापं घेणार? पुलाला सदरा शिवायचाय का?"

"सदरा असता तर चार सेंटिमीटर इकडेतिकडे चाललं असतं हो. कागदावर उंची चार शहाऐंशी आहे. इथे चार नव्वद भरतेय."

खाली वाकून पाहिलं तर चढवणाऱ्यांनी पुलाखाली ठरल्यापेक्षा जाड लाकडी ठोकळे घातले होते. आता पुन्हा उचलायचा म्हणजे अर्धा दिवस गेला.

"चार सेंटिमीटरने काय आभाळ कोसळणार आहे?" धाकटा म्हणाला.

"आभाळ नाही कोसळत. पूल कोसळतात," वहिनी म्हणाल्या आणि त्यांनी जीपवरची काठी बरोबर पाच मीटरवर नेऊन स्क्रू आवळला. मग प्रत्येक साखळीला स्वतः हात लावून पाहिला. एक पट्टा सैल वाटला, तो पुन्हा ताणायला लावला. धाकटा घोड्यात जाऊन बसला आणि त्याने काच वर केली. ट्रेलर ओढणाऱ्या पुढच्या गाडीला ते घोडाच म्हणत. काचेआड तो काहीतरी पुटपुटत होता. वहिनींना ऐकू आलं नाही, पण कळलं.

दहा वाजता वरात निघाली. पुढे वहिनींची जीप, डोक्यावर पिवळे दिवे गरगरत असलेली. मध्ये धाकटा. आणि मागे राखणीची व्हॅन, तिच्यात मास्तर. मास्तर निवृत्त होण्याआधी तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवत होते, आणि वॉकीटॉकीवरही ते वर्गात बोलल्यासारखंच बोलत.

"मागून," मास्तरांचा आवाज आला, "एक लाल रंगाची छोटी गाडी आपल्या डाव्या बाजूने पुढे जाण्याच्या विचारात असल्याचं मला जाणवतं आहे."

"गेली पण मास्तर ती!" धाकटा ओरडला. "माझ्या पुढे जाऊन दोन किलोमीटर झाली असेल."

"तर मग माझं निरीक्षण बरोबर होतं."

रस्ता तुडुंब वाहत होता. हायवेवर माणसाला काय होतं कोण जाणे. घरी दहा मिनिटं चप्पल शोधेल, पण रस्त्यावर दहा सेकंद कुणाच्या मागे राहणार नाही. गाड्या ट्रेलरच्या कडेने सुळकन पुढे सटकत आणि मग समोर जीप बघून गोंधळून ब्रेक मारत. एका गाडीतला माणूस मोबाइल खिडकीबाहेर काढून पुलाचं शूटिंग करत चालला होता. वहिनींनी पहिल्या तासाभरात सगळं आपल्या पद्धतीने लावून घेतलं. पुढे काम चालू असलेला अरुंद पट्टा आला की त्या अर्धा किलोमीटर आधीच सांगत, "भाऊजी, आता दोन्ही लेन घ्या. मास्तर, मागे कुणाला सोडू नका." मास्तर व्हॅन आडवी घालत, ट्रेलर ऐसपैस मधून जाई, आणि पट्टा संपला की वहिनी म्हणत, "आता डावीकडे व्हा, लोकांना जाऊ द्या. आपल्यामुळे कुणाची गाडी चुकायला नको."

आठ पूल मागे पडले. प्रत्येक पुलाआधी वहिनी वहीतला आकडा वाचत, आणि तो पार झाला की "झाला" म्हणत. धाकट्याचा आवाज हळूहळू सैल होत गेला. सहाव्या पुलानंतर तर तो गुणगुणायला लागला, आणि मास्तरांनी त्याला सूर चुकतोय असं सांगितलं.

घोडं अडलं ते नवव्या पुलापाशी.

"नववा," वहिनी म्हणाल्या. "वहीत पाच मीटर पाच सेंटिमीटर. आपण चार नव्वद."

"माहितीये. गेल्या वर्षी याच्याखालून चार ब्याण्णव नेलाय मी, दादा पुढे होता," धाकटा म्हणाला. "डोळे मिटून जाऊ."

वहिनींची जीप पुलाच्या सावलीत शिरली आणि वरून आवाज आला. टक्. मग पुन्हा टक्, टक्, टक्. एकेका तुळईला काठीचं टोक लागत होतं.

"थांबा! थांबा! थांबा!"

तीनदा थांबा म्हटलं की का म्हणून विचारायचं नाही. ब्रेक आधी, बाकीचं मग. धाकट्याच्या पायाला ही बावीस वर्षांची सवय होती. डोक्यात काही येण्याच्या आत पाय ब्रेकवर गेला होता. हवेचे ब्रेक सुस्कारले, साखळ्या करकरल्या, आणि एकतीस मीटरचा पूल सावकाश, कुणाच्या अंगावर न जाता उभा राहिला. मागे मास्तरांनी व्हॅन आडवी घालून टपावरचा दिव्यांचा बाण पेटवला.

मग मात्र धाकट्याने तोंड उघडलं.

"वहिनी, काठी वाऱ्याने हलते! वहीत पाच पाच आहे ना? दादाने मोजलंय ते! पंधरा सेंटिमीटर मोकळे आहेत!"

"काठी चार वेळा टेकली, भाऊजी. वारा इतका नेमाने येत नाही."

"अहो, मागे किती गाड्या तुंबल्यात बघा तरी. मी मुंगीच्या पावलाने काढतो."

"तुम्ही जागचे हलणार नाही," वहिनी म्हणाल्या. त्यांचा आवाज अजिबात चढला नव्हता. "मी मोजून येते. चुकले तर घरी गेल्यावर आठवडाभर हसा."

तेवढ्यात मोटरसायकलवरून हवालदार आला. मागच्या हॉर्नच्या गदारोळातून वाट काढताना त्याच्या नाकी नऊ आले होते.

"काढा, काढा पुढे! इथे थांबायचं नाही!"

"साहेब, थांबायची हौस आम्हालाही नाही," वहिनी म्हणाल्या, "पण हा पूल त्या पुलाखालून जातो की नाही ते आधी बघावं लागेल. तुम्ही जरा टेपचं हे टोक धरता?"

हवालदाराला असं कुणी कधी सांगितलं नसावं. त्याने मुकाट्याने टोक धरलं. दोन मिनिटं गाड्या रोखून वहिनींनी मोजायची दांडी तुळईला भिडवली, टेप ताणला, आणि आकडा स्वतः न वाचता म्हणाल्या, "साहेब, तुम्हीच वाचा."

"चार मीटर... अठ्ठ्याऐंशी."

"आणि आम्ही चार नव्वद," वहिनी म्हणाल्या.

धाकटा घोड्यातून उतरून तिथवर चालत आला होता. त्याने आकडा ऐकला आणि मान वर करून तुळईकडे पाहिलं. वरून बस चालली होती, खिडकीशी माणसं बसलेली दिसत होती. बोटभर फरक. पूल मुंगीच्या पावलाने गेला असता तरी कठडा तुळईत घुसला असता, आणि मग कुठला पूल कुणावर पडला असता ते सांगता येत नव्हतं.

"पण दादाने मोजलं होतं," तो खालच्या आवाजात म्हणाला.

वहिनींनी त्याला रस्त्याच्या कडेला नेलं. जुन्या डांबरावर नव्या डांबराचे दोन जाड थर चढलेले तिथे स्पष्ट दिसत होते, एकावर एक रचलेल्या रजयांसारखे.

"त्यांनी मोजलं ते बरोबरच होतं. पूल खाली आला नाही, भाऊजी. रस्ता वर आला."

धाकट्याने बुटाच्या टोकाने ते थर चाचपले. मग त्याने टोपी काढली, डोकं खाजवलं आणि पुन्हा घातली.

"वहिनी, मी गेलो असतो."

"पण थांबलात ना? थांबायला सांगितलं आणि एका शब्दाने न विचारता थांबलात. निम्मं काम तिथेच झालं."

हे त्यांनी नुसतं बरं वाटावं म्हणून म्हटलं नव्हतं. घोड्याची पुढची चाकं हायवेवरून वर चढणाऱ्या रॅम्पच्या अगदी तोंडाशी उभी होती. त्याने आधी वाद घालून मग ब्रेक मारला असता, तर रॅम्प मागे पडला असता, आणि एकतीस मीटरचा पूल भर हायवेवर उलटा काढायचा म्हणजे दिवस मावळला असता. ट्रेलर आणखी खाली बसवायचीही सोय नव्हती, तो आधीच पोटावर टेकल्यासारखा चालत होता.

"खालून नाही तर वरून," वहिनी म्हणाल्या. "या रॅम्पने वर चढायचं, वरचा रस्ता सरळ ओलांडायचा, आणि समोरच्या रॅम्पने पुन्हा खाली हायवेवर. साहेब, वरचा चौक पाच मिनिटं बंद कराल?"

"परवान्यात आहे का हे?" हवालदाराने विचारलं.

"पान चार. पर्यायी मार्ग. मीच टाईप केलंय."

हवालदाराने पान चार वाचलं, वॉकीवर आपल्या साहेबांना विचारलं आणि वर गेला. पण वहिनी लगेच निघाल्या नाहीत. आधी त्या चालत अख्खा रॅम्प चढल्या. वरच्या सिग्नलच्या आडव्या दांडीची उंची मोजली, तारा पाहिल्या, पुलावर किती वजन चालतं त्याची पाटी कागदाशी ताडून पाहिली, पलीकडचा उतार बघितला, आणि धापा टाकत खाली आल्या. "चला. चालण्याच्या वेगाने. उजव्या कडेला रेटून घ्या, म्हणजे शेपटी डावीकडच्या खांबाला लागणार नाही."

ट्रेलर वळला. एकतीस मीटरचा पूल रॅम्पवर वाकडी मान करून चढायला लागला, आणि मागून मास्तर सांगत राहिले, "डावीकडे साठ सेंटिमीटर. पन्नास. पन्नास. स्थिर. छान. पुन्हा साठ." या वेळी त्यांचं निरीक्षण वेळेवर येत होतं.

घोड्याचं नाक चौकाशी पोचलं आणि समोर, चौकाच्या ऐन मध्यात, एक छोटी निळी गाडी उभी दिसली. टपावर मोटार ड्रायव्हिंग स्कूलची पाटी. हवालदाराने शिट्टी मारली तेव्हा ती नेमकी मध्ये होती, आणि शिट्टीच्या दचक्याने बंद पडली होती. शिकवणारा किडकिडीत माणूस बाहेर उतरून दोन्ही हात वर करून उभा होता. स्टिअरिंगवर एक आजीबाई होत्या, पांढरे केस, पाठ ताठ.

"बाई, गाडी मागे घ्या!" हवालदार म्हणाला.

"मागे घेणं दहाव्या धड्यात असतं," किडकिडीत माणूस म्हणाला. "हा चौथा आहे. मी घेतो, फक्त त्यांनी दार उघडायला हवं."

आजीबाईंनी दार उघडलं नाही. त्यांनी काच खाली केली आणि रॅम्पवरून डोकं काढणाऱ्या त्या अगडबंब लोखंडाकडे पाहिलं. मग घोड्यात बसलेल्या धाकट्याकडे, आणि मग गाडीपाशी आलेल्या वहिनींकडे.

"हे एवढं तुम्ही चालवत आणलंत?"

"चालवतात माझे दीर. वाट मी दाखवते."

"मग मलाही दाखवा. मुलगा म्हणतो, या वयात कशाला शिकतेस, मी नेईन तुला हवं तिथे. चार महिने झाले, त्याला रविवार मिळालेला नाही."

वहिनी गाडीच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या. "आधी क्लच पूर्ण दाबा. आता चावी. घाई नाही, आजी, कुणीही कुठे पळून जात नाही. आता गिअर मागचा. फक्त माझ्या हाताकडे आरशात बघा. माझा हात म्हणेल तसं."

निळी गाडी एकदा खोकली, एकदा उडी मारून थांबली, आणि तिसऱ्या वेळी हळूच मागे सरकायला लागली. वहिनींचा हात डावीकडे, गाडी डावीकडे. हात सरळ, गाडी सरळ. चारी बाजूंनी थांबलेल्या लोकांना एव्हाना घाईचा विसर पडला होता. गाडी कडेच्या रांगेत जाऊन टेकली, आणि कुणीतरी शिट्टी वाजवली, ती हवालदाराची नव्हती. टाळ्या पडल्या. धाकट्याने हवेचा भोंगा असा वाजवला की किडकिडीत माणूस पुन्हा दोन्ही हात वर करून उभा राहिला.

"दहावा धडा झाला," आजीबाई त्याला म्हणाल्या. "उद्या पाचवा घ्या."

ट्रेलरने चौक ओलांडला, समोरचा उतार उतरला आणि पुन्हा हायवेला लागला. मागे तुंबलेल्या गाड्या एकेक करत पुढे गेल्या. त्यातल्या एकदोघांनी मुठी दाखवल्या, बाकीच्यांनी मोबाइल.

दोनला दहा कमी असताना ते हॉस्पिटलपाशी पोचले. क्रेनचा मुकादम घड्याळ बघत येरझारा घालत होता. रस्ता बंद झाला, साखळ्या सुटल्या, पूल तरंगत वर गेला आणि दोन खांबांवर अलगद बसला. हॉस्पिटलच्या खिडक्यांत नर्सांची गर्दी झाली होती. मुकादमाने सहीसाठी कागद धाकट्यापुढे धरला. सही नेहमी गाडीवाल्यानेच करायची असते. धाकट्याने ती केली, आणि खाली एक ओळ जादा लिहिली: "वाट दाखवणार: वहिनी." मुकादम म्हणाला इथे नाव लागतं. धाकटा म्हणाला, हे नावच आहे.

थोरल्याला कोणी काही सांगायच्या आत त्याचा सातवा फोन आला होता. तो वहिनींनी उचलला, बाजूला गेल्या आणि घडलं ते सगळं सांगितलं, अठ्ठ्याऐंशीच्या आकड्यासकट.

"म्हणजे मी पुढे असतो तर?" थोरल्याने विचारलं.

"तर तुमच्याही जीपवरची काठी टेकली असती, आणि तुम्हीही थांबा म्हणाला असतात."

"म्हणालो असतो का? का मीही वहीच खरी मानली असती?"

यावर वहिनींना खोटं बोलता आलं असतं. त्या म्हणाल्या, "मला नाही माहीत."

थोरला म्हणाला, "मला अजून तीन आठवडे गाडी चालवता येणार नाही. पण शेजारी बसता येतं. तुला सुट्टी असेल त्या दिवशी मला जीपमधून ने. सगळे पूल पुन्हा मोजू."

त्या तीन आठवड्यांत दोघांनी सत्तावीस पूल मोजले. त्यातले चार बदलले होते. थोरला काळा चष्मा लावून कडेला टेप धरी, वहिनी आकडा वाचत, आणि दोघं एकमेकांशी इतकं बोलले जेवढं लग्नानंतरच्या कित्येक वर्षांत बोलले नसतील, कारण इतकी वर्षं एकजण रस्त्यावर असायचा आणि दुसरा ऑफिसात.

पुढे डॉक्टरांनी थोरल्याला मोकळं केलं. पुढची जीप कोणी घ्यायची हा प्रश्न घरात कुणी काढला नाही, आणि तो पडूनच राहिला असता. पण मास्तरांच्या मुलीला बाळ झालं, ते दोन महिन्यांच्या सुट्टीवर गेले, आणि मागच्या व्हॅनला माणूस उरला नाही. थोरला सकाळी यार्डात आला, त्याने जीपकडे एकदा पाहिलं, व्हॅनची किल्ली उचलली आणि कुणाकडे न बघता मागे जाऊन बसला. त्या दिवशी ट्रेलरवर एक भली मोठी गोल टाकी होती, दूध थंड ठेवायची.

तासाभराने वॉकीवर त्याचा वैतागलेला आवाज आला. "इथून नुसती मालाची पाठच दिसते! पुढे काय चाललंय काही पत्ता लागत नाही."

"कळलं ना आता?" पुढून वहिनी म्हणाल्या. "बावीस वर्षं मला तुमचीही पाठच दिसत होती."

मधल्या घोड्यात धाकटा इतका हसला की त्याला डोळे पुसावे लागले. मग वॉकीत खरखर झाली आणि थोरलाही हसायला लागला.

"हसून झालं असेल तर सावरून बसा दोघं," वहिनी म्हणाल्या. "पुढे टोलनाका आहे. सगळ्यात डावीकडची लेन."